एकाच वेताच्या दोघी

(चित्रफितीतील पहिले दृश्य: पुण्यातील कोथरूडमधील एका इमारतीचा वाहनतळ. पहाट नुकतीच सरली आहे.)

भाद्रपदात रस्त्यावरील कुत्र्यांचा गलका का वाढतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिकाच्या आगेमागे, जिन्यांखाली, बांधकामांच्या आडोशाला आणि वाहनतळांच्या कोपऱ्यांत कुत्र्या वितात. या वाहनतळात टाकून दिलेल्या गाद्यांच्या ढिगामागे नोव्हेंबरच्या सुरुवातीला चार पिल्ले जन्मली. दोन थंडीत गेली, आई डिसेंबरमध्ये गाडीखाली सापडली, आणि उरलेल्या दोघी, त्या वेळी जेमतेम पाच आठवड्यांच्या, तिसऱ्या मजल्यावर माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी आल्या. एकीला ठेवून दुसरीला पुन्हा खाली कसे सोडायचे, असे ताईने विचारले, तेव्हा घरातील कोणालाही त्यावर उत्तर सुचले नाही.

एकीचा रंग फिकट आणि दुसरीचा करडा असल्यामुळे ताईच्या सासूबाईंनी, ज्यांना सारी इमारत आजी म्हणते, त्यांची नावे ज्वारी आणि बाजरी अशी ठेवली. नावे सर्वांना आवडली, परंतु ‘री’ कानावर पडताच दोघीही धावत येत आणि नेमके कोणाला बोलावले आहे, हे दोघींनाही कळत नसे. दोन आठवड्यांनंतर बाजरीच्या कपाळावरील पांढऱ्या ठिपक्यावरून तिचे नाव टिकली ठेवावे लागले. जोडीने वाढणाऱ्या पिल्लांची नावे ऐकायला अगदी वेगळी असावीत, ही गोष्ट किरकोळ वाटते खरी, पण पुढील सगळे शिक्षण त्या नावावरच उभे राहते.

(दोन्ही पिल्ले चटईवर एकमेकींना झोंबत आहेत.)

पिल्लाच्या तोंडात दुधाचे २८ दात असतात आणि ते सुईसारखे टोकदार असतात. जबड्यात अजून जोर नसल्यामुळे जखम खोल होत नाही, मात्र वेदना तत्काळ होते, आणि ही वेदनाच पिल्लांची शाळा चालवते. ज्वारीने टिकलीचा कान जोरात धरला की टिकली केकाटते आणि खेळ सोडून बाजूला होते. काही क्षणांनी ज्वारी पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच करून तिच्यासमोर झुकते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. अमेरिकेतील प्राणिवर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की हे झुकणे वाटेल तेव्हा होत नाही. ज्या चाव्याचा गैरसमज होऊ शकेल, अशा चाव्याच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर ते अधिक आढळते. ‘हे खेळातले होते’ असे सांगण्याची ती रीत आहे.

चाव्याचा जोर आवरण्याचे हे पहिले धडे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून घेते, आणि पिल्लाला लवकर तोडू नये असे म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्याकडे २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. या दोघींची आई पाचव्या आठवड्यातच गेली. त्यामुळे सुरुवातीच्या काळात त्या एकमेकींना मिळाल्या, हे त्यांचे भाग्यच म्हणायला हवे.

मात्र बहीण जे शिकवते, ते बहिणीच्या अंगापुरतेच असते. कुत्र्याच्या मानेभोवती सैल कातडी आणि दाट केस असतात, आणि तेथे जो चावा गुदगुल्यांइतका सौम्य ठरतो, तोच माणसाच्या मनगटावर रक्त काढतो. माणसाच्या त्वचेचे माप माणसानेच शिकवावे लागते, आणि पिल्ले दोन असली की त्यात एक अडचण उभी राहते.

(जानेवारीचा दुसरा आठवडा. दिवाणखान्यात ताई जमिनीवर बसली आहे.)

चावरेपणा आवरण्याची सर्वमान्य पद्धत अशी की दात लागताच हात स्थिर करावा, आरडाओरडा न करता उठावे आणि अर्ध्या मिनिटासाठी खोलीबाहेर जावे. पिल्लाला सर्वांत प्रिय असते ती सोबत. चावले की सोबत जाते, हा हिशेब त्याला काही दिवसांत उमगतो. या दृश्यात ताई अगदी तसेच करते. ज्वारीने बोट धरताच ती उठून स्वयंपाकघरात जाते, आणि दारापलीकडे काय घडते, ते कॅमेऱ्याला दिसते: ज्वारी क्षणभर दाराकडे पाहते, वळते आणि टिकलीच्या शेपटीला लटकते. तिचे काहीही गेलेले नाही. उलट टिकली, जिने दात लावलाच नव्हता, ती मात्र दाराशी जाऊन कुंईकुंई करू लागते. जिला शिक्षा व्हायची तिला ती झाली नाही, आणि जिचा काही दोष नव्हता तिला झाली. त्या दुपारी ताई अकरा वेळा उठली आणि संध्याकाळी तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. पुस्तकातला उपाय जोडीच्या घरात का लागू पडत नाही, हे या एका प्रसंगात सापडते. पशुवैद्यांनी ही चित्रफीत पाहिल्यावर एवढेच विचारले की दोघींपैकी एकटी कोण आणि किती वेळ असते. घरात आल्यापासून कोणीही एक मिनिटदेखील एकटी नव्हती.

तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारात कमरेएवढी फळी आडवी लागली. एकीला फळीपलीकडे चघळायला काहीतरी देऊन ठेवायचे आणि दुसरीशी दिवाणखान्यात पाच मिनिटे खेळायचे, असा क्रम दिवसातून चार वेळा सुरू झाला. पहिल्या दिवशी टिकलीने दोन मिनिटांत घर डोक्यावर घेतले. म्हणून सुरुवात अर्ध्या मिनिटापासून करावी लागली आणि ती रडू लागण्याआधीच फळी काढण्याची सवय ठेवावी लागली. जेवणाची भांडी वेगळी झाली, झोपण्याची टोपली वेगळी झाली, फिरायला नेणारी माणसेही वेगळी झाली. आजी दोघींना एकाच ताटलीत दूधभाकरी घालत असत, ती ताटली अर्थातच बंद झाली आणि आजींनी चार दिवस अबोला धरला.

एकटीने शिकताना मात्र तोच उपाय लागू पडला. पहिल्या आठवड्यात केवळ जोराच्या चाव्याला खेळ थांबवला गेला, पुढे मध्यम चाव्यालाही, आणि अखेरीस त्वचेला दात लागला तरी. काही प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून दात अजिबात चालू देत नाहीत. मला स्वतःला टप्प्याटप्प्याची रीत पटते, कारण तिच्यात पिल्लाला केवळ मनाई नव्हे तर जोराचे मापही कळते. अर्थात आजींची त्वचा कागदासारखी पातळ असल्याने त्यांच्यापुरता हा प्रयोग वर्ज्य होता आणि त्यांनी खाऊ सपाट तळहातावरूनच द्यायचा, असे ठरले.

शेजाऱ्यांनी सुचवलेले उपाय निराळे होते: नाकावर टिचकी मारावी, जबडा दाबून धरावा, मानगूट पकडून हलवावे. यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसाचा हात भरवशाचा नाही, आणि भेदरलेले कुत्रे अधिक चावते. गुरगुरण्यावर मार मिळाला तर ते गुरगुरणे सोडते. पुढे चावताना ते आधी सूचना देत नाही. ‘आई गं’ म्हणून उंच आवाजात ओरडण्याचा सल्लाही सरसकट खरा नाही. टिकली त्या आवाजाने थबकत असे. ज्वारीला मात्र तो खेळाचाच भाग वाटे आणि ती अधिक चेकाळे.

(संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू. दारात चपलांची रांग.)

ज्या घरात दहा-अकरा आठवड्यांची दोन पिल्ले आहेत, त्या घरात हळदीकुंकू करणे हे धाडसच होते, कारण लोंबणारा पदर म्हणजे त्यांच्या दृष्टीने पळणारी शेपटीच. एकीने पदर ओढला की दुसरी तिचे पाहून दुसरे टोक पकडते. जोडीत चेव चटकन चढतो. दोघींनाही तासभर आधी वेगवेगळ्या खोल्यांत निजवले, तेव्हा कुठे प्रसंग निभावला. या वयाचे पिल्लू दिवसाचे अठरा तास झोपू शकते, आणि संध्याकाळी ‘अंगात आल्यासारखे’ चावत सुटणारे पिल्लू पुष्कळदा केवळ झोपेला आलेले असते. बहीण समोर असली की ते झोपत नाही.

येथे एका गोष्टीवर थांबणे आवश्यक आहे. पहिल्याच आठवड्यात माझ्या भाच्याच्या मनगटावर ओरखडा उठला आणि पिल्लू इतके लहान आहे, त्याचे काय होणार, असे घरात म्हटले गेले. रेबीज पिल्लालाही होतो, आणि रस्त्यावरच्या पिल्लाच्या आईचे लसीकरण झाले होते की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, तिखट किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त आले नसले तरी ओरखड्याला लस घ्यावी लागते. रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते. भाच्याने लसीच्या सगळ्या मात्रा पूर्ण केल्या. दोघींना रेबीजची लस तिसरा महिना पूर्ण झाल्यावर, फेब्रुवारीत मिळाली.

पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणुजन्य आजाराच्या भीतीने लसीकरण संपेपर्यंत पिल्लाला घरातच ठेवावे, अशी आपल्याकडे रीत आहे. परंतु साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू जगाशी ओळख करून घेते, आणि लसीच्या मात्रा तर सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. म्हणून भाचा एकेकीला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यांपर्यंत जाऊन येई, कधीही दोघींना एकत्र नाही. टिकली एकटी असताना रिक्षाच्या आवाजाने दबकत असे. ज्वारीबरोबर असती तर ती तिच्याआड लपली असती आणि ही भीती कोणाच्याच लक्षात आली नसती.

(मार्च. फरशीवर तांदळाच्या कणीएवढा एक दात.)

चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागले आणि हिरड्यांच्या ठणक्याने चावणे पुन्हा वाढले. जुना पंचा भिजवून, पीळ घालून गोठवलेला, आणि थंड गाजर, यांवर दोन महिने निघाले. एकत्र खेळ रोज होत असे, पण राखणीखाली. वरचढ झालेलीला क्षणभर धरून ठेवायचे. खाली पडलेली मोकळी झाल्यावर स्वतःहून परत आली तर तो खेळ, आणि खाटेखाली गेली तर खेळ संपला. एप्रिलमध्ये ज्वारीचे वजन वाढू लागले तसे टिकलीचे खाटेखाली जाणेही वाढले, आणि एकत्र खेळाची वेळ निम्मी करावी लागली.

एका वेताची दोन पिल्ले एकत्र वाढली की ती माणसाला जुमानत नाहीत किंवा मोठेपणी एकमेकांवर उठतात, असे अनेक प्रशिक्षक सांगतात आणि या प्रकाराला त्यांनी नावही दिले आहे. तथापि ते काही वैद्यकीय निदान नव्हे, आणि आयुष्यभर गुण्यागोविंदाने राहिलेल्या जोड्याही पुष्कळ आहेत. मला दिसले ते इतकेच की या घरात तीन कामे होती: एक ज्वारी, दुसरी टिकली आणि तिसरे त्यांचे एकमेकींशी असलेले नाते. ज्या घरात सकाळी फिरवायला एकच माणूस मोकळा आहे, त्या घराने एकच पिल्लू आणावे, असे मी स्पष्ट सांगेन.

(जूनचा पहिला पाऊस. स्वयंपाकघर.)

दोघींच्या तोंडात आता ४२ पक्के दात आहेत, आणि पुढील भाद्रपदाआधी नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेण्याची तारीख ठरली आहे. आजी ज्वारीला भाकरीचा तुकडा देत आहेत, अजूनही सपाट तळहातावरून. फळीपलीकडे टिकली वाट पाहत बसली आहे. तुकडा घसरतो, आजी तो सावरायला बोटे मिटतात, आणि दात बोटावर येतात. जबडा तेथेच थांबतो. ज्वारी तोंड उघडून मान मागे घेते. आजी बोट निरखून पाहतात, पदराला पुसतात आणि उरलेली अर्धी भाकरी घेऊन फळीकडे वळतात.