कार्डावर तिचं नाव आहे का?

नमस्कार, श्रोते बंधू-भगिनींनो.

बचत गटांच्या कामासाठी मी खान्देशात गावोगाव फिरते. कापूस वेचणीच्या दिवसांत शिंदखेडा तालुक्यातल्या एका घरी बसले होते. त्या घरच्या सुनेनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढून माझ्यापुढे धरलं. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. पहिलं नाव सासूचं. मग सासरे, नवरा, धाकटा दीर आणि लग्न होऊन कधीच सासरी गेलेली नणंद. हिचं नाव मात्र नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पदरात दोन लेकरं होती.

तिच्या पोटात आठ महिने दुखत होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले होते. "माले काय व्हस, वेचणी सरू दे," असं म्हणत तिनं दिवस काढले. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, झोपून राहिलं की तो दिवस गेला. एका रात्री कळा सोसवेनात, तेव्हा तिला धुळ्याला नेलं. तिथं खिडकीवर नावाची अडचण निघाली. दाखले गोळा करत बसायला वेळ नव्हता. गळ्यातली पोत मोडली, कमी पडले ते उसने आणले. आणि त्याच कार्डावर सासऱ्यांचं ऑपरेशन आदल्या वर्षी एक पैसा न भरता झालं होतं!

ही गोष्ट मला फार लागली. कारण रेशनकार्डावर मोफत उपचार देणारी ही सरकारी योजना आपल्याकडे नवी नाही. जुलै 2012 मध्ये राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत ती पहिल्यांदा आली, त्यांत धुळे होतं. तेव्हा ती राजीव गांधी जीवनदायी योजना होती, आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दीड लाखाचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं झालंय. पिवळं, केशरी, पांढरं, तिन्ही कार्डांना ती लागू आहे. म्हणजे सरकारी कागदावर आपलं जवळजवळ प्रत्येक घर विम्यात आहे. घरातली बाई त्यात आहे का, हे कोण बघतं?

2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 30 टक्के बायकांना कुठला ना कुठला आरोग्य विमा होता. पुरुषांमध्ये 33 टक्के. दोन्ही आकडे कमीच. पण जिथं विमा नोकरीतून येतो, तिथं पुरुषाला तो स्वतःच्या नोकरीतून मिळतो आणि बाईला बऱ्याचदा नवऱ्याच्या नोकरीतून. नवरा गेला, त्यानं सोडलं, की ते छत्रही जातं.

बाईच्या स्वतःच्या कमाईचं काय? कामगार विमा, म्हणजे ईएसआय, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला मिळतो. ऐकायला वाटतं, हा आपल्यासाठीच. पण कायद्यात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा, कारखाना हंगामी धरला आहे, आणि हंगामी कारखान्यांना हा विमा लागू नाही. आपल्या जिनिंगमध्ये दिवसभर कापसाच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या, खोकत घरी जाणाऱ्या बायका त्यामुळे बाहेर राहतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राबणाऱ्या मजुरणीला तर पगाराची चिठ्ठीच नाही. मग उरते खासगी पॉलिसी. सप्टेंबर 2025 पासून तिच्यावरचा जीएसटी गेला, चांगलं झालं. पण हप्त्यावरची आयकराची सूट कर भरणाऱ्यालाच उपयोगी. जिची कमाई कमी, तिला हप्ता पूर्ण जड, आणि वय वाढेल तसा तो वाढतच जातो.

आणखी एक. योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चाची आहे. अंगावरून पांढरं जाणं, रक्त कमी असणं, अंग बाहेर येणं, ही दुखणी भरतीच्या आधी वर्षानुवर्षं चालतात. गोळ्या, तपासण्या, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सगळं तिच्याच पदरातून जातं. घरात पैसे कमी असले की आधी लेकरांचं, मग कर्त्या माणसाचं, आणि बाईचं दुखणं शेवटी. हे मी शेकडो घरांत पाहिलंय. मला ते मान्य नाही.

म्हणून भगिनींनो, आज कार्ड उघडा. नवी सून आली असेल तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत सासरच्या कार्डासाठी अर्ज द्या. लेकरांची नावंही घाला. दवाखान्यात गेलात तर आरोग्यमित्र, म्हणजे या योजनेचं काम बघणारी माणसं, कुठे बसतात ते आधी विचारा. योजनेची माहिती 155388 या नंबरवर मिळते. घरात सत्तरी ओलांडलेली आई असेल तर आधार दाखवून तिचं मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि दादांनो, तहसीलची ती फेरी तुम्ही मारा. तिची त्या दिवसाची मजुरी वाचेल.

शिंदखेड्याच्या त्या सुनेचं नाव आता कार्डावर आहे. त्यांच्या गटात बचतीचा हप्ता गोळा करण्याआधी सगळ्या जणी सतरंजीवर आपापली कार्डं मांडतात आणि लिहिता-वाचता येणारी एक मुलगी नावं मोठ्यानं वाचते. पहिल्या दिवशी तिघींची नावं निघाली नाहीत. त्यातल्या दोघी दुसऱ्याच सकाळी सात वाजताची एसटी धरून तहसीलला गेल्या, आणि तिसरीचा नवरा.

नमस्कार.