अभंगाची चार अक्षरे

श्रोतेहो, नमस्कार. कवितेतले अलंकार आणि छंद आपण शाळेत पाठ केलेले असतात, परंतु त्यांची खरी ओळख कविता मोठ्याने म्हटल्यावरच पटते. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात मी पाहिलेला एक प्रसंग त्यासाठीच सांगते.

दहावीतली एक मुलगी उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांच्या व्याख्या पुटपुटत होती आणि तिन्हींची सरमिसळ होऊन रडकुंडीला आली होती. शेजारी भजनी मंडळातल्या एक काकू मांडीवर टाळ ठेवून बसल्या होत्या. गाडी कळव्याच्या खाडीवर येताच ओहोटीच्या चिखलात एका पायावर उभा असलेला बगळा दाखवून त्या म्हणाल्या, “बाळा, हा बगळा योग्यासारखा उभा आहे म्हटलंस की उपमा. हा बगळा जणू योगीच म्हटलंस की उत्प्रेक्षा. आणि हा बगळा प्रत्यक्ष योगीच आहे, असं ठासून सांगितलंस की रूपक.” सारखा, जणू, प्रत्यक्ष: बगळा तोच, योगीही तोच, पण दोघांमधले अंतर दर वेळी कमी होत गेले.

मुलीला धीर आला आणि तिने अभंगाविषयी विचारले. काकूंनी ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ ही तुकोबांची ओळ म्हणत अंगठ्याने बोटांची पेरे मोजायला सुरुवात केली. सहा, सहा, सहा आणि चार. ‘ध्यान’ या शब्दाशी मुलगी अडखळली, तेव्हा जोडाक्षर एकच धरायचे, हे त्यांनी सांगितले. ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक, हे मात्र मुलीनेच ओळखले. “शेवटी चारच का, काकू?” या प्रश्नावर त्यांनी टाळ उचलला, ‘ठेवोनिया’ म्हणून थांबल्या आणि त्या मोकळ्या जागेत टाळ वाजवला. सहा, सहा, सहा, चार आणि मग टाळ. साऱ्या डब्याला ते ऐकू आले.

एका गुणासाठी अलंकाराचे नुसते नाव विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकांनी मुलांना कवितेपासून दूर नेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठांतराला नावे ठेवणाऱ्यांशीही मी सहमत नाही, कारण तोंडपाठ ओळच अशी पेरांवर मोजता येते.

आता वृत्ताविषयी थोडेसे. अभंगात अक्षरांची संख्या पाहतात, तर अक्षरगणवृत्तात लघु म्हणजे आखूड आणि गुरू म्हणजे लांब उच्चाराच्या अक्षरांचा क्रमही ठरलेला असतो. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात बारा अक्षरे, लघु, गुरू, गुरू असा क्रम चार वेळा. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही ओळ सावकाश म्हणून पाहावी. ‘सज्जना’मधला ‘स’ ऱ्हस्व आहे, तरीही पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो आणि तो गुरू होतो. अभंगात जोडाक्षर केवळ एक अक्षर म्हणून मोजले जाते, वृत्तात मात्र ते मागच्या अक्षराचे वजनही वाढवते.