एका बिऱ्हाडातल्या दोन वह्या

नमस्कार श्रोतेहो.

मुलाकडे सहा महिने परदेशात राहून आलेलं एखादं जोडपं तुमच्या ओळखीत असेलच. त्यांना भेटायला जावं, तर काका सुरू होतात, "थंडी म्हणजे मरणाची. चहाला चव नाही. शेजारी कोण राहतं, कळायला मार्ग नाही." तेवढ्यात पोह्यांच्या बश्या घेऊन काकू बाहेर येतात आणि म्हणतात, "अहो, पण काय ती झाडं, आणि काय तो आकाशाचा रंग!" ऐकताना आपल्याला वाटत राहतं, हे दोघं एकाच गावी गेले होते ना?

आज मी अशाच एका जोडप्याबद्दल बोलणार आहे. फक्त ते अमेरिकन, गेले इटलीत, आणि साल १८५८. नवरा नॅथॅनिएल हॉथॉर्न, अमेरिकेचा नामवंत कादंबरीकार, वय त्रेपन्न. बायको सोफिया, वय अठ्ठेचाळीस. बरोबर तीन मुलं. युना चौदाव्या वर्षात, ज्युलियन अकरा वर्षांचा, रोझ सहा वर्षांची. शिवाय मुलांना शिकवायला एक तरुण शिक्षिका. हॉथॉर्न चार वर्षं इंग्लंडात लिव्हरपूलला अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. ती नोकरी संपली, गाठीला चार पैसे जमले होते, आणि घरी परतण्याआधी इटली बघायची हे सोफियाचं मुलीच्या वयापासूनचं स्वप्न होतं. लग्नाआधी ती चित्रकार होती. मोठमोठ्या चित्रांच्या नकला करण्यात तिचा हात बसलेला. ज्यांच्या नकला काढल्या, ती माणसं जिथं राबली ते गाव बघायला मिळणार होतं.

जानेवारीत मंडळी बोटीनं चिविटावेक्किया बंदरात उतरली आणि पुढं घोडागाडीनं रोमला निघाली. वाटेत दरोडेखोरांची भीती. रोममध्ये शिरले तेव्हा मध्यरात्र झालेली, आणि हाडं गोठवणारी थंडी. आपल्या डोक्यात इटली म्हणजे ऊन, द्राक्षं आणि निळं आभाळ. हॉथॉर्नच्याही डोक्यात तेच असणार. प्रत्यक्षात पिंचो टेकडीवर पोर्ता पिंचाना रस्त्याला घेतलेल्या बिऱ्हाडात हा गृहस्थ अंगावर एकावर एक कपडे चढवून शेकोटीला चिकटून बसला. लिहायला हात धजेना, म्हणून वहीसुद्धा दोन आठवडे बंद. उघडली तेव्हा पहिली तक्रार थंडीची.

आणि त्याच दिवसांत सोफिया अमेरिकेत बहिणीला कळवते आहे की मी रोममध्ये आहे, रोममध्ये! फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकात, उभी राहिले, टायटसच्या कमानीखाली उभी राहिले, कलोसियममध्ये हिंडले. थंडी तिलाही तीच, शेकोटीही तीच.

हॉथॉर्नला अगदीच अरसिक ठरवू नका. सेंट पीटर्सच्या चौकातल्या कारंज्याचं पाणी सांडून बर्फ झालं होतं. त्रेपन्न वर्षांच्या या गंभीर माणसानं इकडं तिकडं बघून त्या बर्फावर घसरून घेतलं. का? तर रोममध्ये आपण हे करू असं कधी वाटलं नव्हतं म्हणून! हे त्याचं त्यानंच वहीत लिहून ठेवलंय. मला हा माणूस आवडायला लागतो तो इथं.

या बिऱ्हाडाच्या आगेमागे आणखी एक बाई होत्या. मारिया मिचेल, अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञ. १८४७ मध्ये त्यांनी दुर्बिणीतून एक धूमकेतू शोधला होता. पॅरिसपासून त्या हॉथॉर्न कुटुंबाबरोबर आल्या आणि रोममध्ये जवळच राहिल्या. तिथल्या धर्मगुरूंच्या वेधशाळेत बायकांना मज्जाव. मारियाबाईंनी पोपच्या दरबारातून परवानगी काढली, तेव्हा कुठं आत पाऊल ठेवता आलं. धूमकेतूचं एवढं लक्षात ठेवा, पुढं एक येणार आहे.

आता रोजचा दिवस. सकाळी बाहेर पडायचं, चर्च, राजवाडे, चित्रदालनं. सोफिया एकेका चित्रापुढं उभी राहिली की हलायची नाही. नवरा पहिली दहा चित्रं मनापासून बघायचा, मग पाय बोलायला लागायचे. आणि दगडी पुतळे सगळे उघडेनागडे, याचा त्याला खरोखरच त्रास व्हायचा. आजच्या काळात माणसं कपडे घालतात, तर शिल्पकारांनी नागडे पुतळे घडवायचं थांबवावं, असं त्याचं प्रामाणिक मत. तरी एप्रिलमध्ये कॅपिटोलाइन संग्रहालयात एका 'फॉन'च्या, म्हणजे रोमन वनदेवाच्या, पुतळ्यापुढं तो थबकला. जेमतेम टोकदार कान, बाकी माणूसच. त्या कानांनी त्याच्या डोक्यात एक कादंबरी पेरली.

खाण्याचं विचारू नका. पाव आंबट, वाइन आंबट, लोणी खवट आणि जिन्याच्या तळाशी खानावळ, चांभाराचं दुकान आणि तबेला. ही यादी माझी नाही, त्याची आहे. पुढं कादंबरीत त्यानं रोमच्या गैरसोयी एका श्वासात, एका पान-दीड पानाच्या वाक्यात ओतल्या. त्या वाक्याकडं मी परत येईन.

उन्हाळा लागला की रोम सोडायचं, हा तेव्हाचा नियम. कारण रोमचा ताप. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस मंडळी फ्लॉरेन्सला निघाली. आगगाडी नव्हती. 'वेत्तुरीनो' म्हणजे गाडीवान ठरवायचा, त्याच्याशी लेखी करार करायचा, आणि वाटेतलं जेवण, मुक्काम, घोडे, सगळं त्याच्याकडं सोपवायचं. आजच्या भाषेत पॅकेज टूर! तेव्हा इटली हा एक देशही नव्हता. रोमवर पोपचं राज्य, फ्लॉरेन्समध्ये टस्कनीच्या ग्रँड ड्यूकचं. मधल्या नाक्यावर पासपोर्ट दाखवा, पेट्या उघडा, आणि पेट्या उघडायच्या नसतील तर हात ओले करा. आपल्याला समजावून सांगायला नको.

फ्लॉरेन्समध्ये या काकांचा चेहरा पहिल्यांदा खुलला, आणि त्याचं कारण फार घरगुती आहे. घरभाडं. महिना पन्नास डॉलरमध्ये तेरा खोल्या, भांडीकुंडी, चादरी, सगळ्यासकट. मागं गुलाब आणि जाईची वेल वाढलेली अस्ताव्यस्त बाग. स्वस्ताईचा जो स्वर्ग लोक सांगत होते आणि रोममध्ये शोधून सापडला नाही, तो हा, असं त्यानं वहीत टिपलं.

हे घर शोधून दिलं समोर राहणाऱ्या शिल्पकारानं. हायरम पॉवर्स, मूळचा व्हर्मॉंटचा, १८३७ पासून फ्लॉरेन्समध्ये. शेजारी असावा तर असा. कामाच्या कपड्यांतच यायचा, बसायचा आणि कुठल्याही विषयावर मत द्यायचा. हॉथॉर्न उफिझी दालनातली मेदिचींची व्हीनस, म्हणजे प्रेमदेवतेचा प्राचीन पुतळा, बघून आला, चक्क प्रेमात पडला. नागड्या पुतळ्यांबद्दलचं मत तेवढ्यापुरतं गुंडाळून ठेवलं! तर पॉवर्स म्हणाला, चेहरा काही खरा नाही तिचा, डोळे बघा, काजाची भोकं वाटतात. झालं. शिंपीकामातलं काज एकदा डोक्यात बसल्यावर व्हीनसकडं काय कप्पाळ बघणार?

ऑगस्टमध्ये ऊन सहन होईना, म्हणून गावाबाहेर बेल्लोस्ग्वार्दोच्या टेकडीवर व्हिला मोंताउतो भाड्यानं घेतली. एका काउंटची. घराणं जुनं, गरज पैशाची. भाडं महिना अठ्ठावीस डॉलर, आणि वाड्यात एक अख्खी पलटण मावली असती. कोपऱ्यात जुना चौकोनी बुरूज, त्यात तेराव्या शतकात जिवंत जाळलेल्या एका साधूचं भूत राहतं अशी आख्यायिका. अठ्ठावीस डॉलरमध्ये भूतही धरलेलं. हॉथॉर्ननं आपल्या प्रकाशकाला पत्रात कळवलं की ही सगळी वास्तू उचलून मी कादंबरीत घालणार आहे. आणि घातली.

त्या बुरुजावर संध्याकाळी सगळं घर चढायचं. खाली अर्नो नदीची दरी, फ्लॉरेन्सचे घुमट, आणि त्या सप्टेंबरात वर आभाळात भलीमोठी शेपटी पसरलेला धूमकेतू. तो शोधला होता जूनमध्ये, तिथंच फ्लॉरेन्समध्ये, जोवान्नी बात्तिस्ता दोनाती या खगोलशास्त्रज्ञानं. मारियाबाई मात्र तोवर इटली सोडून गेल्या होत्या.

तापाचा हंगाम सरला, असा हिशेब करून ऑक्टोबरच्या मध्याला मंडळी रोमला परतली. नवं बिऱ्हाड पियाझ्झा पोलीत, त्रेवीच्या कारंज्याच्या बाजूला. युना आता चौदा पूर्ण, हातात आईसारखीच चित्रांची वही. जुन्या पडक्या अवशेषांमध्ये बसून ती चित्रं काढायची. आणि महिनाअखेरीस तिला ताप भरला.

हिवताप. 'मालारिया' हा शब्द इटालियनच, 'माल' म्हणजे वाईट आणि 'आरिया' म्हणजे हवा. सूर्यास्तानंतर अवशेषांमधली हवा बाधते, खिडक्या लावून घ्या, असं जो तो बजावायचा. सूर्यास्तापर्यंत बरोबर होतं, हवेचं चुकलं होतं. डास चावतो संध्याकाळनंतर, हे माहीत असायला अजून चाळीस वर्षं जायची होती. १८९७ मध्ये आपल्याकडं सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, आणि पुढच्याच वर्षी खुद्द रोममध्ये ग्रासी यांनी दाखवून दिलं की माणसाला हा ताप देणारा डास ॲनोफिलीस. युनाच्या खोलीत त्या ज्ञानाचा उपयोग नव्हता. होती ती क्विनिन, डॉक्टरांच्या फेऱ्या, आणि उशाशी बसलेली आई.

ताप उतरायचा, घर सुस्कारा टाकायचं, पुन्हा चढायचा. असे सहा महिने. हॉथॉर्नची लांबलचक नोंदींची वही या काळात जवळजवळ मुकी आहे. खिशातल्या छोट्या रोजनिशीत दोन-दोन ओळी. तरी सकाळी तो टेबलाशी बसायचा आणि कादंबरीचा कच्चा खर्डा पुढं ढकलायचा. बाहेर रोमचा कार्निव्हल आला आणि गेला.

एप्रिल १८५९ मध्ये डॉक्टरांनी हात टेकले. ओळखीची अमेरिकन मंडळी दाराशी विचारपूस करायला येऊ लागली. कवयित्री एलिझाबेथ ब्राउनिंग, स्वतः आजारी, जिने चढणं ज्यांना मना, त्या जिना चढून आल्या. आणि सोफियानं पुढं पत्रात लिहिलं आहे ते असं की नवऱ्यानं तिला सांगून टाकलं, आशा आणि भीती यांच्यामधला हा झोका मला सोसवत नाही, ती जाणार असंच मी मनाशी धरून चाललोय. सोफियानं मात्र झोका सोडला नाही. रात्रीमागून रात्री ती कपडे न बदलता त्या पलंगाशी बसून होती.

त्याच दिवसांत रोममध्ये एक पाहुणा आला होता. फ्रँकलिन पिअर्स. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, हॉथॉर्नचे कॉलेजातले मित्र. पिअर्स यांना तीन मुलगे झाले आणि तिन्ही गेले. शेवटचा अकरा वर्षांचा, जानेवारी १८५३ मध्ये, आगगाडीच्या अपघातात, आईबापांच्या डोळ्यांदेखत. दोन महिन्यांनी बापानं राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. असा माणूस हॉथॉर्नला रोज घराबाहेर काढायचा आणि रोमच्या रस्त्यांवरून चालवायचा. दिवसातून दोन-तीनदासुद्धा. दोघं काय बोलत असतील, याची मी उगाच कल्पना करणार नाही. बहुतेक फारसं काही नाहीच.

युना वाचली. मे महिन्यात उठून बसली, आणि २५ मे १८५९ ला बिऱ्हाड हललं.

निघण्याआधी हॉथॉर्न पिंचोच्या बागेत शेवटचा फेरफटका मारून आला. वहीत लिहिलं की बाग आज दिसली तेवढी सुंदर कधी दिसली नव्हती, पण यातली एकही गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढं येऊ नये. आणि लगेच पुढं, की कुठल्याही गावानं मला इतकं घट्ट धरलं नाही. ते आंबट पाव आणि खवट लोण्याचं लांबच लांब वाक्यही असंच वळतं. शिव्या घालत घालत रोम सोडलं, म्हणतो, आणि मग लक्षात येतं, मनाचे धागे तिथंच अडकलेत, आणि जन्मगावापेक्षा तेच जास्त घरचं वाटतंय. कादंबरी १८६० मध्ये आली, अमेरिकेत 'द मार्बल फॉन' या नावानं.

आणि काकूंची वही? ती तर भरून वाहत होती. प्रकाशकानं मागितलीही होती. हॉथॉर्ननं मित्रांना मोकळेपणानं सांगितलं की प्रवासवर्णन ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस लिहिते. पण लेखिकांच्या यादीत तिचं नाव तिलाही नको आणि मलाही नको. मलाही नको, हे महत्त्वाचं. बायका लिहितात याचा या भल्या माणसाला मनापासून राग होता.

हॉथॉर्न १८६४ मध्ये वारला. पैशांची ओढाताण सुरू झाली. सोफिया मुलांना घेऊन युरोपात स्वस्तात राहायला गेली आणि १८६९ मध्ये तिनं इंग्लंड-इटलीची ती टिपणं अखेर छापायला दिली. थंडीतलं फोरम, बागेतले गुलाब, तासन् तास बघितलेली चित्रं, सगळं त्यात आहे. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव आहे, 'मिसेस हॉथॉर्न'.

नमस्कार.