आठातले चार सिलिंडर

आपल्याकडे नवी गाडी दारात उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ॲव्हरेज किती देते? आज अमेरिकन मसल कारलाही आपण हाच प्रश्न विचारणार आहोत, आणि तो तिच्यावर अन्याय करणारा नाही. 1970च्या दशकात ही गाडी संपली, 2005 नंतर परत आली. मधल्या तीस वर्षांत पेट्रोल वाचवण्यासाठी जी तंत्रं तयार झाली, त्यांच्याच जिवावर ती परतली, हे मला आज दाखवायचं आहे.

मसल कार म्हणजे काय, एवढं आधी ठरवून घेऊ. मध्यम आकाराची, दोन दारांची, परवडणारी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर बसवलेलं इंजिन. 1964 ची पाँटिॲक जीटीओ हे त्याचं ठळक उदाहरण. पाँटिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांच्या इंजिनाला 330 घन इंचांची मर्यादा घातली होती. पाँटिॲकने टेम्पेस्ट गाडीवर 389 घन इंचांचं, म्हणजे 6.4 लिटरचं इंजिन ‘पर्याय’ म्हणून देऊन ती ओलांडली. फोर्ड मस्टँग त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. जाणकार तिला ‘पोनी कार’ म्हणतात, पण आजच्या चर्चेपुरतं आपण तिला याच घराण्यात धरू.

मग ही गाडी संपली कशी? ‘1973 चं तेलसंकट’ हे नेहमीचं उत्तर अर्धंच आहे. त्याआधीच, 1971 मध्ये, जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती पट दाबलं जातं ते, उतरवलं होतं. 1970 चा स्वच्छ हवा कायदा आला होता, पुढे धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येणार होते, आणि शिशाच्या पेट्रोलने कन्व्हर्टर निकामी होतो. शिसं काढलं की पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची ताकद, घटतं. ऑक्टेन कमी आणि कॉम्प्रेशन जास्त असेल तर सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटतं, इंजिन ठोके मारतं आणि पिस्टन फुटू शकतो. त्यावेळी ताबा ठेवायला होता फक्त हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर आणि ठिणगी वाटणारा यांत्रिक डिस्ट्रिब्युटर. हातात दुसरं साधनच नव्हतं, म्हणून कॉम्प्रेशन खाली आणलं, ताकद गेली, आणि ॲव्हरेजही सुधारलं नाही.

त्या काळच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगा. 1971 पर्यंत हॉर्सपॉवर ‘ग्रॉस’ सांगत : इंजिन टेबलावर, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. 1972 पासून ‘नेट’ सांगायला लागले, म्हणजे गाडीत बसवल्यावर सगळ्या जोडण्यांसकट. शेवरोलेचं 1971 चं 454 घन इंचांचं एलएस-5 इंजिन ग्रॉस मापाने 365 आणि नेट मापाने 285 भरतं. इंजिन तेच, वर्षही तेच. त्यामुळे जुन्या ‘450 हॉर्सपॉवर’ची आजच्या 450 शी तुलना करू नका.

अमेरिकेच्या 1975 च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी मोजायला सुरुवात केली. गाठायची सरासरी होती 1978 च्या मॉडेलांसाठी गॅलनला 18 मैल, 1985 साठी 27.5 मैल. आपल्या मापात साधारण 7.7 आणि 11.7 किलोमीटर प्रति लिटर. ही सरासरी काढायची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. एक गाडी लिटरला 10 किलोमीटर देते, दुसरी 20, तर सरासरी 15 धरत नाहीत. दोघींना शंभर-शंभर किलोमीटर पळवा : 10 अधिक 5, पंधरा लिटर लागले, म्हणजे सरासरी 13.3. पेट्रोल पिणारी गाडी हिशेबात जास्त जड पडते. म्हणून मस्टँगचं साधं व्ही-सिक्स मॉडेल खपणं फोर्डला व्ही-एट टिकवण्यासाठीही गरजेचं होतं.

आता परतीकडे येऊ. 2005 मध्ये जुन्या रूपाची आठवण करून देणारी मस्टँग, 2008 मध्ये डॉज चॅलेंजर, 2009 मध्ये शेवरोले कमारो. वेळ याहून वाईट असू शकत नव्हती. जुलै 2008 मध्ये अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर होतं आणि 2009 मध्ये डॉजची मालक क्रायस्लर व शेवरोलेची मालक जनरल मोटर्स दोघीही दिवाळखोरीत गेल्या. तरी या गाड्या तगल्या, आणि त्याला चेहऱ्यामोहऱ्याइतकंच बॉनेटखालचं काम कारण होतं.

2010 च्या कमारोचं 3.6 लिटर व्ही-सिक्स घ्या. 304 हॉर्सपॉवर, नेट. कॉम्प्रेशन 11 च्या वर, म्हणजे 1970 च्या सगळ्यात आक्रमक व्ही-एटच्या बरोबरीचं, आणि तरी ते साध्या पेट्रोलवर चालतं. कसं? पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. तिथे त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते, आणि थंड हवा आपोआप पेटत नाही. त्यावर ठोके ओळखणाऱ्या नॉक सेन्सरचा पहारा असतोच. पुढच्याच वर्षी मस्टँगचं 3.7 लिटर व्ही-सिक्स आलं : 305 हॉर्सपॉवर आणि ऑटोमॅटिकमध्ये हायवेला गॅलनला 31 मैल, म्हणजे लिटरला 13 च्या थोडं वर. शहरात मात्र 19 मैल, जेमतेम 8 किलोमीटर. हा दुसरा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात असायचा.

थेट फवाऱ्याचं दुखणंही सांगायला हवं. जुन्या पद्धतीत पेट्रोल हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचं आणि ती धुऊन काढायचं. आता ती धुतली जात नाही, क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातून, येणारी ऑइलची वाफ तिच्यावर बसते आणि काजळीचा थर चढतो. हवा अडते, गाडी थंड असताना अडखळते. फोर्डने 2018 च्या पाच लिटर व्ही-एटमध्ये दोन्ही प्रकारचे इंजेक्टर दिले, हा मला यावरचा सगळ्यात सरळ उपाय वाटतो.

आता मुख्य गोष्ट. दीड-पावणेदोन टनांची गाडी सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरने चालवायला साधारण 20 ते 25 हॉर्सपॉवर पुरतात. इंजिन आहे सुमारे 375 चं. मग थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद ठेवावा लागतो, आणि आठही पिस्टन बंद नळीतून हवा ओढण्याची मेहनत करत राहतात. ती मेहनत पेट्रोलवरच होते. उपाय असा : चार सिलिंडर बंद करा, उरलेल्या चारांना जास्त काम द्या, थ्रॉटल उघडा.

चॅलेंजरच्या 5.7 लिटर हेमी इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. त्यातला एक सोडून एक उचला : 1, 4, 6, 7. हेच चार बंद होतात. आठ सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दर 90 अंशाला पेटतात, राहिलेले चार दर 180 अंशाला, त्यामुळे लय मोडत नाही. बंद कसे करतात? एरवी फिरणारा कॅम लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या सळईला ढकलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. या चार सिलिंडरच्या लिफ्टरमध्ये एक बारीक पिन असते. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, उघडला की ऑइलचा दाब ती पिन आत ढकलतो आणि लिफ्टर स्वतःतच दबला जातो. खालून कॅम फिरतो, पण पुशरॉड हलत नाही, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. पेट्रोलही थांबतं. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि पुन्हा पिस्टनला ढकलते, म्हणून तोटा फार होत नाही.

हे सगळं ऑइलच्या दाबावर आणि पातळपणावर चालतं. म्हणून या इंजिनाला 5W-20 हे पातळ ऑइल सांगितलंय. ‘आपल्याकडे गरम हवा, जरा घट्ट घालू’ हा विचार इथे अंगाशी येतो. पिन वेळेवर सरकत नाही आणि संगणक बिघाडाचा कोड देतो. मॅन्युअल गिअरच्या चॅलेंजरला ही यंत्रणाच दिली नव्हती, कारण चार सिलिंडरचे धक्के ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर पचवतो, क्लच तसे पचवत नाही.

दुसरी बचत गिअरबॉक्समध्ये आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. साडेसव्वीस इंच व्यासाचं चाक ताशी 100 ला मिनिटात सुमारे 788 फेरे घेतं. जुन्या गाडीत वरचा गिअर थेट आणि मागचा एक्सल 3.55 चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 3.55 फेरे, असेल तर इंजिन 2800 आरपीएमवर. आठ गिअरच्या चॅलेंजर आरटीला 3.07 चा एक्सल, आठवा गिअर 0.67, चाक 28.7 इंची : इंजिन 1500 च्या आसपास. शिवाय पहिला गिअर 4.71 चा असल्याने सुटताना जोर कमी पडत नाही. 2015 ची 707 हॉर्सपॉवरची चॅलेंजर हेलकॅटही अशाच आठ गिअरच्या गिअरबॉक्समुळे हायवेला गॅलनला 22 मैल देऊ शकली. शहरात 13.

चॅलेंजर आणि कमारो 2023 च्या अखेरीला थांबल्या. डॉजच्या ‘चार्जर’ नावाच्या नव्या गाडीत विजेची मोटर आहे किंवा तीन लिटरचं ट्विन-टर्बो सहा सिलिंडर. मस्टँगने व्ही-एट सोडलेलं नाही. 2016 मध्ये ती भारतात अधिकृतपणे आली तीही पाच लिटर व्ही-एट घेऊनच. उजव्या बाजूच्या स्टीअरिंगसह कारखान्यातून निघणारी ती पहिलीच पिढी.

तुमच्यापैकी अमेरिकेत राहणारे कोणी जुनी हेमी घेणार असतील तर त्यांच्यासाठी शेवटचं. गाडी रात्रभर थंड राहू द्या आणि सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. ‘टिक-टिक’ आवाज आला आणि पाच-दहा मिनिटांत विरला, तर बहुधा इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलाय, बहुतेक वेळा मागच्या टोकाचा. गरम झाल्यावर लोखंड फुगतं आणि फट बुजते. हा खर्च झेपणारा आहे. आवाज गरम झाल्यावरही राहिला आणि सोबत मिसफायरचा, म्हणजे सिलिंडर नीट न पेटल्याचा, कोड असेल, तर लिफ्टरचा रोलर अडकून कॅम घासत असण्याची शक्यता मोठी. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा, पिळून कोरडा करा, त्यावरून चुंबक फिरवा. लोखंडाची चमकी चिकटली तर ती गाडी सोडा. लिफ्टर बदलायला दोन्ही हेड उतरवावी लागतात, हेडचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरत नाहीत, आणि कॅम काढायला पुढची टायमिंग चेनही खोलावी लागते. चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा थांबवणारा एक प्लग बाजारात मिळतो, तो झिजलेला लिफ्टर बरा करत नाही. आणि गाडी तासन्‌तास आयडलवर उभी ठेवायची सवय असेल तर ती मोडा, कारण त्या वेगाला कॅमवर ऑइलचे शिंतोडे सगळ्यात कमी उडतात.