अनू आगा : शोकाच्या काळातले नेतृत्व

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात वाढलेल्या मोठ्या उद्योगांमध्ये थरमॅक्सचे नाव आवर्जून घेतले जाते. बॉयलर, वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरात आणणारी यंत्रणा, सांडपाणी आणि हवा स्वच्छ करणारे प्रकल्प ही या कंपनीची ओळख. १९९६ ते २००४ या काळात अनू आगा यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले. घरातील मृत्यू आणि कंपनीची घसरण या दोन्ही आघातांना त्यांना जवळजवळ एकाच वेळी सामोरे जावे लागले आणि पुढच्या आयुष्यात त्यांनी जे मार्गदर्शनाचे काम केले, त्याची मुळे याच वर्षांत आहेत.

अनू आगा यांचे शिक्षण यंत्रांचे नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकल्यानंतर त्यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेत वैद्यकीय आणि मनोविकारविषयक समाजकार्याचे प्रशिक्षण घेतले. समोरच्या माणसाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घेणे आणि त्याच्या वागण्यामागची भीती ओळखणे ही या विद्याशाखेची पहिली शिकवण असते. अनू यांच्या वडिलांनी १९६६ मध्ये सुरू केलेला हा उद्योग त्यांचे पती रोहिंटन आगा यांनी मोठा केला. १९८० च्या दशकात हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रोहिंटन यांना पक्षाघात झाला, वाचा आणि स्मरणशक्ती यांवर परिणाम झाला आणि कर्तबगार उद्योजक म्हणून नाव मिळवलेल्या या माणसाला अक्षरे आणि अंक पुन्हा गिरवावे लागले. ते कामावर परतले, ही त्यांच्या जिद्दीची गोष्ट आहेच. पण ज्याच्या आधारावर सगळे उभे आहे, तोच आधार कधीही डळमळू शकतो, हे त्या घराला तेव्हाच कळले असणार. १९८५ मध्ये अनू आगा कंपनीत रुजू झाल्या आणि पुढे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख झाल्या.

१९९६ मध्ये लंडनहून परतणाऱ्या पत्नीला आणण्यासाठी रोहिंटन पुण्याहून मुंबईला निघाले होते. वाटेतच त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. लगोलग संचालक मंडळाने अनू आगा यांच्याकडे अध्यक्षपद सोपवले. कंपनीचे सुमारे ६२ टक्के समभाग कुटुंबाकडे होते. त्यामुळे हे पद आपल्याला गुणवत्तेवर मिळाले की मालकीमुळे, हा प्रश्न त्यांना छळत राहिला आणि पतीशी स्वतःची तुलना करून त्या खचत गेल्या. त्या स्थितीतून सावरण्यासाठी त्यांनी विपश्यनेचा आधार घेतला. सावरण्याची ही धडपड सुरू असतानाच, १९९७ मध्ये, २५ वर्षांचा मुलगा कुरुश मोटार अपघातात गेला. त्याच सुमारास सासूबाईंचेही निधन झाले होते.

बाजार मात्र कोणाच्या सुतकासाठी थांबत नाही. देशात मंदी होती, भांडवली मालाची मागणी आटली होती आणि एकेकाळी ४०० रुपयांच्या घरात असलेला थरमॅक्सचा समभाग ३६ रुपयांपर्यंत खाली आला. अशा वेळी एका भागधारकाचे निनावी पत्र आले. तुम्हाला पैशाची गरज नसेल, पण आमच्यासारख्यांना आहे, आणि तुम्ही आमचा विश्वासघात केला आहे, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या स्त्रीने नुकताच मुलगा गमावला आहे, तिने असे पत्र फाडून टाकले असते तरी कोणी दोष दिला नसता. अनू आगा यांची झोप उडाली. तरीही त्यांनी ते पत्र अपमान म्हणून बाजूला सारले नाही. ज्यांची पुंजी आपल्या हाती आहे, त्यांना आपण उत्तरदायी आहोत, हे त्या पत्राने त्यांच्यापुढे लख्ख मांडले.

त्यानंतरचे निर्णय कठोर होते. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार संस्थेला त्यांनी पाचारण केले. संचालक मंडळाची फेररचना झाली, कंपनीतलेच अधिकारी मंडळावर बसण्याची पद्धत मोडून बाहेरचे स्वतंत्र संचालक घेण्यात आले आणि मालकी व व्यवस्थापन यांच्यात अंतर राखले गेले. मूळ व्यवसायाशी नाते नसलेली कामे हळूहळू सोडून देऊन कंपनीने ऊर्जा आणि पर्यावरण या दोन क्षेत्रांवर लक्ष एकवटले. वर्षानुवर्षे सोबत काम केलेल्या माणसांना मंडळावरून उतरायला सांगणे सोपे नसते, आणि इथेच त्यांचे जुने प्रशिक्षण कामी आले असावे, असे आम्हाला वाटते. माणसाविषयी आस्था ठेवूनही त्याच्याविषयीचा निर्णय टाळायचा नाही, हे कौशल्य कोणत्याही धोरणपत्रिकेत लिहिलेले नसते. थरमॅक्स तोट्यातून बाहेर आली आणि वाढू लागली.

दुःख माणसाला आपोआप शहाणे करते, असे मानणे आम्हाला पटत नाही. ते कित्येकांना कडवट आणि एकाकीही करते. अनू आगा यांच्या बाबतीत फरक पडला तो शोकाच्या काळातही त्यांच्यावर इतरांच्या उपजीविकेची जबाबदारी होती म्हणून, आणि त्या जबाबदारीतही त्यांनी मदत मागण्यात कमीपणा मानला नाही म्हणून.

२००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडे सुपूर्द केले आणि स्वतः शिक्षणाच्या कामाकडे वळल्या. परदेशात शिकून परतलेला कुरुश देशातली विषमता पाहून अस्वस्थ झाला होता आणि कुटुंबाने आपल्या संपत्तीतला मोठा वाटा समाजाला द्यावा, असा आग्रह धरत होता. थरमॅक्सच्या सामाजिक प्रतिष्ठानाने आकांक्षा फाउंडेशन या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या साथीने पुण्यात महापालिकेच्या शाळा चालवायला घेतल्या. पुढे टीच फॉर इंडियाच्या अध्यक्ष म्हणून अनू आगा अशा तरुणांसोबत उभ्या राहिल्या, जे दोन वर्षे कमी उत्पन्न गटातल्या मुलांच्या वर्गात शिकवतात आणि ज्यांच्यापैकी काही जण त्यासाठी कंपन्यांमधल्या नोकऱ्या सोडून येतात. २०१० मध्ये समाजकार्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१२ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली.