कोपर निखळलं: बसवणं जुनंच, बदललं ते नंतरचं

(हात काटकोनात वाकवून, कोपर कॅमेऱ्याजवळ)

नमस्कार. साधाच हं, कोपरापासून नव्हे. आज मात्र बोलायचंय कोपराबद्दलच.

आधी एक करा. माझ्यासारखा हात वाकवा आणि दुसऱ्या हाताने कोपर चाचपा. आतल्या बाजूला एक उंचवटा, बाहेर एक, आणि मागे टोक. झाला त्रिकोण. आता हात सरळ करा. तिन्ही एका ओळीत आले? आले पाहिजेत. कोपर निखळलं की मागचं टोक आणखी मागे सरकतं आणि हा त्रिकोण बिघडतो. लहान मुलं पडतात आणि कोपराच्या जरा वर हाड मोडतं, तेव्हाही हात असाच वाकडा दिसतो, पण त्रिकोण शाबूत असतो. एक्स-रेचा शोध १८९५चा. त्याआधी हाड बसवणाऱ्याची सगळी भिस्त बोटांवर होती.

आणि ती बोटं काही अडाणी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, भग्नचिकित्सेच्या अध्यायात, सुटलेल्या कोपराचा उपाय अगदी थोडक्यात दिलाय: अंगठ्याने सांधा चोळा, सुटलेला भाग दाबा, हात पसरा, मग वाकवा, वर तेल सोडा. आजच्या कॅज्युअल्टीत तेल नसतं, बहुतेक वेळा वेदना थांबवून झोपेचं औषध देतात. बाकी एकाने दंड धरायचा, दुसऱ्याने मनगटाकडून ओढायचं, अंगठ्याने मागचं टोक पुढे ढकलत हात वाकवायचा, आणि खट्! आपण आज जोडलंय ते आधी आणि नंतर नाडी व बोटांची संवेदना तपासणं. पुढून मोठी धमनी जाते, आणि आतल्या उंचवट्यामागून ती नस, जी दाराला आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात.

घरी कुणी ओढाओढ करू नका. आत हाड मोडलेलं असू शकतं.

म्हणजे बसवण्यात फार काही बदललं नाही. बदललं ते बसवल्यानंतरचं. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे माझ्या वाट्याला तेच येतं. सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहून आलेला हात बघितलाय मी. घास तोंडापर्यंत पोचत नाही, शर्टाचं वरचं बटण लागत नाही. मग घरचे म्हणतात, जोरात मालीश करून सरळ करू. नका करू! कोपरासमोरच्या स्नायूला आधीच मार लागलेला असतो. त्यात जोर लावला की तिथे चक्क हाड तयार होऊ शकतं. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात ना, इथे कोपरालाच खणतात.

प्लास्टरमागचा हिशोब तसा सरळ होता: दोन्ही बाजूंचे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, फाटलेत, तर जुळेपर्यंत हलवू नका. काहींचं म्हणणं, फाटलेत तर शिवूनच टाका. १९८७ साली स्वीडनमध्ये योसेफसन आणि सहकाऱ्यांनी हाड न मोडता कोपर निखळलेले ३० रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याची नाही. उघडलेल्या कोपरांत लिगामेंट दोन्हीकडचे फाटलेले होते, तरीही शिवल्याचा वरचढ फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ५२ प्रौढांचा अभ्यास आला: जितके जास्त दिवस बांधून ठेवलं, तितका हात जास्त आखडला आणि दुखला. मग नेदरलँड्समध्ये १०० जणांची चाचणी झाली, एका गटाला तीन आठवडे प्लास्टर, दुसऱ्याला लगेच हालचाल. हलवणारे सरासरी १० दिवसांत कामावर, प्लास्टरवाले १८. वर्षभराने दोघांचे हात सारखेच, आणि कुणाचंच कोपर पुन्हा निखळलं नाही. इतकी वर्षं ज्याला भ्यायलो, ते झालंच नाही.

आता माझा आवडता भाग. आधी फाटतं काय? १९९२ मध्ये ओड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी मांडलं की सुरुवात बाहेरच्या बाजूने होते आणि आतला लिगामेंट सर्वांत शेवटी जातो. प्रयोगशाळेत, मृतांच्या हातांवर ते पटणारं होतं. पण पडताना माणूस खरंच कसा पडतो, हे बघणार कोण? २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या काही सर्जननी सरळ यूट्यूब उघडलं! खेळताना कोपर निखळल्याचे व्हिडिओ शोधून, थांबवत थांबवत पाहिले. बहुतेकांत हात जवळजवळ सरळ होता आणि कोपर आतल्या बाजूला ताणलं जात होतं, म्हणजे आतला लिगामेंट आधी सुटत असावा. नंतरच्या एमआरआय अभ्यासानेही तिकडेच बोट दाखवलं. वाद मिटलेला नाही, आणि बहुधा दोन्ही प्रकार घडत असावेत.

त्या सर्जनांपैकी एक हॉचकिस. निखळण्यासोबत रेडियसचं, म्हणजे मनगटाकडच्या हातातल्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं, डोकं आणि कोरोनॉइड नावाचा छोटा हाडाचा ओठ, दोन्ही मोडतात, त्याला 'टेरिबल ट्रायड', म्हणजे भयंकर त्रिकूट, हे नाव त्यांचंच. तिथे मात्र बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते, नुसतं हलवून चालत नाही.

कुठली बाजू सैल, याने माझं काम बदलतं. बाहेरची सैल असेल तर व्यायामात तळवा खाली, आतली सैल असेल तर तळवा वर. आणि सुरुवात उभ्याने नाही, झोपून. (जमिनीवर आडवे होत) पाठीवर असं, दंड छताकडे सरळ उभा, हात हळूहळू कपाळाकडे वाकवायचा, पुन्हा वर. उभं राहिलं की हाताचं वजन सांधा खाली ओढतं. झोपलं की तेच वजन सांधा दाबून धरतं. किती वाकवायचं ते तुमचे डॉक्टर एक्स-रे बघून सांगतील. कॅमेरा जरा खाली घे रे, कोपर दिसत नाहीये.