तारीख कोण ठरवतं?

(काळोख. ओळींमधून हलणारे उजेड. कात्र्यांचा आवाज.)

पहाटेचे साडेचार. दिंडोरी तालुका, फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. शिराझ या वाईनच्या काळ्या द्राक्षाच्या बागेत हे जे उजेड हलताहेत, ते बायांच्या कपाळावरच्या बॅटऱ्यांचे. ऊन चढायच्या आत माल वायनरीत पोहोचला पाहिजे. तापलेला मणी क्रेटमध्येच फुटतो आणि रस वाटेतच आंबायला लागतो. म्हणून एका हातानं घड धरायचा, दुसऱ्या हातानं देठ कापायचा, आणि घड क्रेटमध्ये टाकायचा नाही, ठेवायचा.

काडी बांधणं, फुटवे काढणं, पानं विरळ करणं, घडांचा खुडा, या बागेतलं हे सगळं काम बायांच्या हातचं. खुडा कोणत्या दिवशी करायचा, ती तारीख मात्र वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी पुरुषांनीच ठरवली. आम्ही इथे आलो ते त्या तारखेसाठी.

(उजाडतं. मागे रामशेजचा डोंगर. दोघीजणी ओळीत शिरतात.)

पुढे चालल्यात त्या मॅडम, इथल्या वाईनमेकर. मागे प्लास्टिकची पिशवी घेऊन येणारी ट्रेनी चोवीस वर्षांची आहे. हा प्लॉट कॅबरने सोव्हिन्यॉनचा, म्हणजे वाईनच्याच दुसऱ्या काळ्या द्राक्षाचा, अजून न खुडलेला.

तिचा हात बघा. एका वेलीवरून एकच मणी. कधी उगवतीकडचा, कधी मावळतीकडचा, कधी घडाच्या खांद्यावरचा, कधी शेंड्याचा. ओळीच्या टोकाच्या वेली वगळायच्या. आणि घडाकडे बघायचं नाही. आपली नजर आपसूक काळ्याभोर मण्यावर जाते, मग नमुना गोड निघतो आणि बाग मात्र कच्ची असते.

"बघू नकोस. हात घाल, येईल तो घे," मॅडम म्हणतात.

असे दोनशे मणी.

त्यातले काही ती तिथेच चावते. आधी साल, मग बी. बी हिरवी असेल तर जीभ ओरखडल्यासारखी तुरट होते. तपकिरी झालेली बी दाताखाली भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कडकन तुटते. हे यंत्र सांगत नाही. हे दातालाच शिकवावं लागतं, आणि शिकवायला शेजारी कुणीतरी चावत उभं लागतं.

ही मुलगी द्राक्षवाल्यांच्याच घरातली. वडिलांची बाग थॉमसनची, खायच्या द्राक्षांची, निर्यातीची. तिथे १८ मिलिमीटरचा मणी झाला की घर खूश. इथे उलटं. मणी लहान हवा, कारण रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा, असतो सालीत, आणि मणी लहान असला की रसाच्या मानानं साल जास्त मिळते. पहिल्या हंगामात ती फुगलेले घड बघून हरखायची. मॅडमनी व्याख्यान दिलं नाही. दोन्ही मण्यांचा रस सालीसकट दोन ग्लासांत काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

(प्रयोगशाळा. पिशवीतले मणी हातानं चुरडले जातात.)

चुरडायचं, गाळायचं, साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब, डोळा उजेडाकडे. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, २३. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३.४५.

आता हे नीट बघा. दोघी आपापल्या वहीत एक तारीख लिहितात आणि वह्या मिटतात. मॅडमचा हा नियम आहे. मोठ्या माणसानं आकडा आधी बोलला की शिकणाऱ्याचा आकडा तिथेच मरतो, असं त्या म्हणतात. आम्ही या वायनरीत अकरा दिवस होतो. त्यांनी हा नियम एकदाही मोडलेला आम्हाला दिसला नाही.

(जुन्या लागवडीची छायाचित्रं. गंगापूर धरणाचं पाणी.)

नाशिकची वाईन अजून तरुण आहे. सुला या वाईन कंपनीनं इथे १९९७ मध्ये लागवड केली, २००० मध्ये त्यांची पहिली वाईन आली. आज मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. भारतातून 'मास्टर ऑफ वाईन' हा किताब पहिल्यांदा मिळाला तो २०१६ मध्ये, सोनल हॉलंड यांना. म्हणजे तिथे पहिलं नाव बाईचंच. पण पदवी घेऊन रस आंबतो त्या टाकीपाशी आलेल्या मुलीला पुढचं शिकवायचं कुणी, हा प्रश्न राहतोच. पुष्कळ मुलींची वाट प्रयोगशाळेच्या टेबलापाशी किंवा पाहुण्यांना वाईन चाखवण्याच्या काउंटरवर थांबते. टाकीच्या मजल्यावर त्यांना कुणी बोलावत नाही.

त्याला एक जुनं कारण कायद्यातही होतं. १९४८ च्या कारखाना अधिनियमानं बाईला कारखान्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच काम करता यायचं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये दुरुस्ती करून तिची संमती, सुरक्षितता आणि ने-आणीची सोय या अटींवर रात्रपाळी खुली केली. वाईन रात्रीची झोपत नाही. हंगामात रात्री जो टाकीपाशी असतो, त्याच्याच हाती टाकी येते.

(रात्र. स्टीलच्या टाक्या. पंपाची घरघर.)

रात्रीचा दीड वाजलाय. टाकीत परवाचं शिराझ उकळल्यासारखं फसफसतंय. साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो, त्याला इथे 'कॅप' म्हणतात. कॅप कोरडी पडू द्यायची नाही. खालून रस ओढायचा आणि वरून तिच्यावर सोडायचा. पाइप जड असतो, शिडी ओली असते. झाकणात डोकं घालायचं नाही. आत कार्बन डायऑक्साइड असतो, हवेपेक्षा जड, आणि एका श्वासात माणूस कोसळू शकतो. हे मॅडमनी तिला आमच्यादेखत तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा तिच्याकडून वदवून घेतलं.

तापमान ३० वर गेलंय. टाकी थंड करायला तिच्याभोवती पाण्याचं जॅकेट असतं.

"काका, जॅकेटचं पाणी सोडा," ती म्हणते.

काका तिच्या वडिलांच्या वयाचे, इथले जुने ऑपरेटर. ते मॅडमकडे बघतात. मॅडम वहीत बघताहेत.

(सहा सेकंद. आवाज फक्त पंपाचा.)

काका व्हॉल्व्ह फिरवतात.

(बैठकीची खोली. काचेबाहेरून.)

या बैठकीचा आवाज घ्यायला परवानगी नव्हती. कोणत्या टाकीत काय भरायचं, किती पिंपं लागणार, हे इथे ठरतं. मुलगी मागच्या भिंतीशी वही घेऊन बसायला निघाली होती. मॅडमनी तिच्यासाठी टेबलाजवळची खुर्ची ओढली ती या क्षणी. नंतर तिचे हात बोलताना दिसतात, बराच वेळ.

घरी 'पोरगी दारूच्या कारखान्यात' हे बोलून झालं होतं. मॅडम दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या. तिच्याबरोबर लागलेली दुसरी मुलगी डिसेंबरात काम सोडून गेली.

(प्रयोगशाळा. दोन वह्या उघडतात.)

मॅडमच्या वहीत २५. हिच्या वहीत २८.

हिचं म्हणणं, प्लॉटच्या खालच्या अंगाची बी अजून हिरवी आहे, आणि पीएचला तीन दिवस वाव आहे, म्हणजे तोवर आंबटपणा फार उतरणार नाही. मॅडम तीन गोष्टी विचारतात. आभाळ आलं तर? टाकी रिकामी असेल का? टोळी मिळेल का?

आभाळाचा अंदाज हिनं सकाळीच बघून ठेवलाय. सात नंबरची टाकी २७ ला रिकामी होते. टोळीच्या मावशींना हिनं कालच फोन केलाय.

(फलक. खडू.)

कॅबरने, २८, पहाटे साडेचार. अक्षर मुलीचं.

२८ ला माल निघाला. ब्रिक्स २४. वाईन अजून पिंपात आहे.